युकुलेले शिकणाऱ्याला फीडबॅक कसा द्यायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी आम्ही काही जण कोल्हापुरात रंकाळा तलावावर युकुलेले, म्हणजे छोट्या गिटारसारखं चार तारांचं वाद्य, घेऊन बसतो. कॉलेजची पोरं असतात, बँकेतून रिटायर झालेले काका असतात, दोन शाळेतल्या मुली आणि त्यांच्या आया पण असतात. नवीन माणूस आला की सगळे एकदम शिकवायला लागतात, एक म्हणतो बोट सरळ कर, दुसरा म्हणतो लय बघ, तिसरा म्हणतो हे युकुलेलेच बदल, आणि तो बिचारा पुढच्या रविवारी येतच नाही. असं होऊ नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून जे प्रश्न सारखे येतात ते एकदाच सगळे लिहून काढलेत.

मलाच तीन कॉर्ड येतात, मी दुसऱ्याला काय सांगणार?

सांगू शकता की. उलट ज्याला मागच्या महिन्यात "जी" नावाचा कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे स्वर) लागत नव्हता आणि आता लागतोय, त्याला आठवत असतं की नेमकं कुठलं बोट अडत होतं, दहा वर्षं वाजवणाऱ्याला ते आठवत नाही. फक्त एक पाळा, जे ऐकलं ते सांगा. "दुसऱ्या ओळीत थांबल्यासारखं वाटलं" हे सांगायला उस्ताद असावं लागत नाही. का थांबलं आणि उपाय काय, हे माहीत असेल तर बोला, नसेल तर जो चांगला वाजवतो त्याला हाक मारा.

ऐकताना सगळ्यात आधी काय बघायचं?

ट्यूनिंग. बोटं, लय, गाणं सगळं नंतर. मी किती वेळा बघितलंय, एखादी ताई अर्धा तास कॉर्ड बरोबर धरून बसलेली असते आणि तिला वाटत असतं आपल्याला काय जमत नाही बुवा, आणि तारा उतरलेल्या असतात फक्त. नायलॉनच्या नवीन तारा पहिले काही दिवस ताणत राहतात, सकाळी लावलेलं दुपारी उतरलेलं असतं, ही चूक तिची नव्हे आणि वाद्याची पण नव्हे. तिला एवढंच सांगा की आठवडाभर दर वेळी वाजवायच्या आधी लावून घे, आणि वाजवताना मध्ये एकदा परत बघ.

चार तारा छताकडून जमिनीकडे जी, सी, ई, ए अशा असतात. पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी सहा. पांढरी एकला सा धरला तर मोकळ्या तारा प सा ग ध वाजतात. आपल्याकडच्या माणसाला ही अक्षरं सांगितली की तो लगेच कानाने लावायला लागतो, ट्यूनर, म्हणजे स्वर दाखवणारं यंत्र, नसला तरी. इथे नवीन माणूस एका जागी हमखास फसतो, पहिल्या तारेचा प हा मधल्याच सप्तकातला असतो, म्हणजे ती तार सी आणि ई दोन्हीपेक्षा उंच वाजली पाहिजे. गिटारची सवय असलेला माणूस तिला एक सप्तक खाली लावतो, तार लोंबते, आणि ट्यूनर तरी "जी" दाखवतोच कारण त्याला सप्तकाशी देणंघेणं नसतं. काही जण मुद्दाम खालचा जी लावतात पण त्यासाठी वेगळी जाड तार मिळते. तेव्हा तारा लोंबताना दिसल्या की वाजवण्याबद्दल काही बोलू नका, आधी तार बघा.

आणि वाद्यच खराब असेल तर? सोपी टेस्ट आहे, मोकळी तार वाजवा आणि बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्या) तीच तार दाबून वाजवा, एक सप्तक वरचा तोच स्वर यायला पाहिजे. फारच फरक येत असेल तर गिफ्टच्या दुकानातलं खेळणं आहे ते, आणि तसं सरळ पण प्रेमाने सांगा. "भावा, तुझा कान चांगला आहे, हे युकुलेलेच सुरात नाही" हे ऐकून माणसाचा चेहरा कसा उजळतो ते बघण्यासारखं असतं.

एका वेळी किती चुका सांगायच्या?

एक.

यावरच सगळ्यात जास्त वाद होतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपण कोल्हापूरचे, तालमीच्या गावचे. कुठल्याही तालमीत पहाटे जाऊन वस्ताद नवीन पोराला कसं घडवतात ते बघा. पहिल्या दिवशी धोबीपछाड शिकवत नाहीत. माती उकरायला लावतात, जोर बैठका काढून घेतात, मग पवित्र्यात उभं करतात आणि एखाद्या दिवशी फक्त पुढच्या पायाकडे बोट दाखवून म्हणतात "हा जरा आत घे". बास. त्या पोराच्या आणखी दहा चुका त्यांना दिसत असतात, दिसत नाहीत असं नाही, पण पाय आत आला की त्यातल्या चार आपोआप जातात हे त्यांना ठाऊक असतं. युकुलेलेला पण अगदी हेच लागू होतं. नवशिक्याच्या डोक्यात एका वेळी डावा हात, उजवा हात, गाण्याचे शब्द आणि लोक बघतायत याचं टेन्शन असं सगळं चाललेलं असतं, त्यात तुम्ही पाच गोष्टी टाकल्या तर एकही राहत नाही.

मग ती एक गोष्ट कुठली निवडायची? मी स्वतःला विचारतो की आत्ता, इथेच, दोन मिनिटांत हा माणूस काय बदलू शकतो, आणि ते बदललं तर त्याला स्वतःला फरक ऐकू येईल का. अंगठा युकुलेलेच्या दांडीच्या मागे मध्यावर आणणं दोन मिनिटांत होतं. "तुझा हात अजून बसला नाही" याचं तो काय करणार? ते खरं असेल, पण त्यावर आत्ता करण्यासारखं काही नसतं.

आणि सांगितल्यावर लगेच परत वाजवायला लावा. सांगून चहा प्यायला गेलात तर ते हवेत जातं.

पूर्ण वाजवून होऊ द्यायचं की मध्येच थांबवायचं?

होऊ द्यायचं. चुकलं तरी, लय गेली तरी. मध्येच थांबवलं की माणसाला चूक झाली की थांबायची सवय लागते आणि मग ती जाता जात नाही. अपवाद एकच, मनगट भलतंच वाकवून वाजवत असेल आणि दुखत असेल तर.

"छान वाजवलंस" एवढंच म्हटलं तर चालतं का?

पहिल्या दिवशी चालतं. पुढे पुढे मात्र त्याचा उपयोग होत नाही, कारण काय छान होतं ते त्याला कळत नाही आणि पुढच्या वेळी तेच परत करता येत नाही. त्यापेक्षा "एफ वरून सी वर गेलास तेव्हा उजवा हात अजिबात थांबला नाही, ते मला लई आवडलं" असं म्हणा. नेमकं कौतुक हाच सगळ्यात कामाचा फीडबॅक, आणि लोक यात फार कंजुषी करतात. आपल्या गावात मिसळीला, कुस्तीला, सगळ्याला "जगात भारी" म्हणतो आपण, मग समोरच्या पोरीने पहिल्यांदा चार कॉर्डचं गाणं न थांबता वाजवलं तर त्यात काय भारी झालं ते नीट शब्दांत सांगायला काय हरकत आहे.

खोटं कौतुक मात्र करू नका. तिला कळतं.

कॉर्ड बदलताना अडकतो. "अजून प्रॅक्टिस कर" सोडून दुसरं काय सांगू?

बघा, "प्रॅक्टिस कर" हे त्याला माहीतच आहे. त्याला हवं असतं की कुठल्या बोटाची प्रॅक्टिस. म्हणून तो वाजवत असताना तोंडाकडे बघू नका, डाव्या हाताकडे बघा. बहुतेक नवीन लोक कॉर्ड बदलताना सगळी बोटं उचलतात, हात हवेत जातो, मग परत एकेक बोट शोधत खाली येतात. आणि खरं तर खूप ठिकाणी सगळी उचलायची गरजच नसते.

ए मायनरमध्ये मधलं बोट वरच्या जी तारेवर दुसऱ्या फ्रेटला असतं. एफ मध्ये पण ते तिथंच असतं, फक्त पहिलं बोट ई तारेच्या पहिल्या फ्रेटवर येतं. म्हणजे ए मायनर ते एफ एकच बोट ठेवायचं, बाकी हात हलवायचा नाही. एफ वरून जी सेव्हनला जाताना ते पहिलं बोट आहे तिथंच राहतं. हे दाखवलं की लोक अक्षरशः "अरेच्चा" म्हणतात. सी वरून जी ला जाताना अनामिका ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून शेजारच्या ई तारेवर सरकते, फ्रेट तोच. तेव्हा फीडबॅक असा द्या, "तुझी अनामिका फार लांब फिरून येतीय, तिला नुसती शेजारच्या तारेवर सरकव, बाकीची दोन तिच्या मागून येतील".

मग त्याला त्या दोनच कॉर्डमध्ये एक मिनिट जा ये करायला लावा, गाणं बाजूला ठेवून, आणि किती वेळा स्वच्छ बदललं ते मोजा. आकडा पुढच्या रविवारी परत मोजा. आपला आकडा वाढलेला दिसला की तुम्ही काही बोलायची गरज राहत नाही.

आवाज खरखरीत येतो किंवा तार बसकी वाजते, काय सांगायचं?

आधी चारही तारा एकेक करून वाजवायला सांगा, म्हणजे कुठली तार नीट वाजत नाही ते त्यालाच सापडेल. मग बोट कुठे आहे बघा. फ्रेट म्हणजे सतारीचा पडदा समजा, बोट पट्टीच्या अगदी लगेच मागे हवं, पट्टीवर नको आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये लांब पण नको. नखं वाढलेली असतील तर बोटाचं टोक खाली टेकतच नाही, ते सांगा, संकोच करू नका.

बरेच जण उलटं करतात, फार जोरात दाबतात. नायलॉनची तार मऊ असते, जास्त दाबली किंवा बाजूला ओढली की स्वर चढतो आणि कॉर्ड बेसूर लागतो. त्याला म्हणा हळूहळू दाब कमी कर आणि कुठे आवाज जातो ते बघ, त्याच्या एक पायरी वर थांब. आणि एवढं करून पण पहिल्या फ्रेटवरचे स्वर चढेच येत असतील तर वरची नट, म्हणजे जिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात ती पट्टी, उंच असण्याची शक्यता असते, ती वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून घासून घेता येते. मिरज आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, तिथे पिढ्यानपिढ्या सतार आणि तानपुरे बनवणारी घरं आहेत, तारवाद्याची जाण असलेला माणूस आपल्या भागात शोधायला लांब जावं लागत नाही.

लय सुटते. ते कसं सांगू म्हणजे त्याला लागणार नाही?

"तुला लयच नाही" हे वाक्य कुणालाच कधीच म्हणू नका. मी हे लहानपणी एका क्लासमध्ये ऐकलंय आणि पुढं किती वर्षं कुठल्याच वाद्याला हात लावला नाही. लय नसलेला माणूस मी अजून बघितला नाही, गणपतीच्या मिरवणुकीत ढोल वाजायला लागला की सगळ्यांचे पाय बरोबर पडतात. युकुलेलेवर लय जाते कारण डावा हात अडला की उजवा पण थांबतो. तर फीडबॅक द्यायचा उजव्या हाताबद्दल, "कॉर्ड चुकला तरी चालेल पण हा हात थांबवू नको".

इथं केरवा ताल उपयोगी पडतो. सगळ्यात प्रसिद्ध स्ट्रमिंग, म्हणजे तारांवरून हात फिरवायची पद्धत, आहे खाली, खाली वर, वर खाली वर. नवीन माणूस हे पाठ करत बसतो आणि गोंधळतो. त्याला सांगा केरव्याच्या आठ मात्रा मनात म्हण, धा गे ना ति न क धि न, हात पंख्यासारखा सारखा खाली वर खाली वर चालू दे, विषम मात्रेला खाली आणि सम मात्रेला वर, फक्त "गे" आणि पाचव्या "न" ला हात तारांना न लावता हवेतून जाऊ दे. झालं, तेच स्ट्रमिंग आलं. ज्याच्या घरात कुणी तबला वाजवतं त्याला हे पाच मिनिटांत कळतं.

नुसतं वाजवताना बरोबर, गायला लागलं की बिघडतं. फीडबॅक गाण्यावर देऊ की वाजवण्यावर?

दोन्हीवर नको. आधी पट्टी बघा. गाणं ज्या पट्टीत वाजवतोय ती त्याच्या गळ्याची आहे का? पुरुष काळी एक दोनच्या आसपास गातात, बायका बऱ्याचदा काळी चार पाच, आणि नेटवर मिळालेले कॉर्ड असतात तिसऱ्याच पट्टीचे. माणूस ओढून ताणून गातो आणि सगळं लक्ष गळ्याकडे जातं, मग हात चुकणारच. सी च्या शेपचे कॉर्ड पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून वाजवले की काळी एक झाली. जी च्या शेपचे कॉर्ड, कॅपो पहिल्यावर, की काळी चार. तिसऱ्यावर लावला की काळी पाच. तेव्हा "गाऊन बघ, तुला कुठे बरं वाटतं" हे विचारणं हाच इथला फीडबॅक.

घरचे मोठे लोक म्हणतात हे काय खेळणं, पेटी शीक. शिकणाऱ्याला काय सांगू?

कोल्हापुरात हे होणारच. हे ऐकणाऱ्यांचं गाव आहे, गायन समाज देवल क्लब ही संगीत संस्था १८८३ पासूनची, गायक अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते, आमच्या आजोबांच्या पिढीचा कान त्या हवेत तयार झालेला. त्यांचं म्हणणं टाकाऊ समजू नका. आजोबा म्हणाले "सूर जरा उतरलाय" तर बहुतेक वेळा तो खरंच उतरलेला असतो, ट्यूनर लावून बघा. त्यांना कॉर्ड कळत नसतील पण सूर कळतो, आणि शिकणाऱ्याला असा कान घरात फुकट मिळालाय. मी पोरांना सांगतो की आजोबांना "कसं वाटलं" असं मोघम विचारू नका, "सूर बरोबर आहे का तेवढं सांगा" असं विचारा. मग ते डोळे मिटून ऐकतात आणि खेळणं वगैरे विसरतात. पेटीबरोबर वाजवायचं असेल तर पेटीच्या पट्टीशी तारा जुळवून घ्या, जुन्या पेट्या ट्यूनरशी जुळतीलच असं नसतं, आणि पेटी काय लगेच बदलता येत नाही.

आणि परकं वाद्य म्हणून नाक मुरडत असतील तर त्यांना ही गोष्ट सांगा. १८७९ मध्ये पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून रेव्हन्सक्रॅग नावाच्या जहाजातून उसाच्या मळ्यात काम करायला लोक होनोलुलूला आले, त्यांच्यात तीन सुतार होते, त्यांनी आपल्या गावाकडचं छोटं तारवाद्य तिथं बनवायला घेतलं, तिथल्या कोआ लाकडात, आणि हवाईच्या राजाने, कालाकौआने, ते उचलून धरलं. काही वर्षांत ते हवाईचंच झालं. पेटी पण युरोपातूनच आली आणि आता तिच्याशिवाय आपलं भजन होत नाही. म्हणूनच कुणी युकुलेलेवर आरती वाजवत असेल तर "हे असं वाजवायचं वाद्य नाही" हा फीडबॅक मला अजिबात पटत नाही.

व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ येतात, त्यावर कसा द्यायचा?

लिहून कमी, बोलून जास्त. लिहिलेलं रुक्ष वाटतं, "एफ नीट नाही" एवढं वाचून माणूस दिवसभर खट्टू होतो, तेच व्हॉइस नोटमध्ये हसऱ्या आवाजात आलं की बरं वाटतं. वेळ सांगा, "बेचाळिसाव्या सेकंदाला बघ", म्हणजे त्याला शोधत बसावं लागत नाही. ग्रुपवर सगळ्यांसमोर फक्त कौतुक, सुधारणा पर्सनलवर. समोरच्या कॅमेऱ्याने काढलेला व्हिडिओ काही फोनमध्ये आरशासारखा उलटा येतो, तेव्हा "तू डाव्या हाताने का वाजवतोस" विचारायच्या आधी विचारून घ्या. आणि व्हिडिओ कॉलवर बरोबर वाजवायचा प्रयत्न करू नका, आवाज उशिरा पोचतो, लय जुळणं शक्यच नाही. कॉलमध्ये गोंगाट कमी करणारी सेटिंग असते, ती लांबणारा सूर गोंगाट समजून कापते, ती बंद करायला सांगा, नाहीतर तार बसकी वाजतीय असं तुम्हाला उगाच वाटेल.

लहान मुलांना वेगळं सांगायचं का?

हो. कमी बोला, बरोबर बसून वाजवा. रोज दहा मिनिटं पुरतात. आणि पाहुण्यांसमोर "वाजवून दाखव बाळा" हे प्लीज करू नका, त्याला स्वतःला दाखवावंसं वाटलं तर तो सांगेल.

बोटं दुखतायत म्हणतो, "सवय होईल" म्हणू का?

बोटांची टोकं दुखत असतील तर हो, पहिले दोन तीन आठवडे दुखतात. मनगट, कोपर किंवा खांदा दुखत असेल तर नाही, तिथं वाजवणं थांबवायला सांगा आणि तो वाद्य कसं धरतो ते बघा. बऱ्याचदा डाव्या हाताने युकुलेलेचं वजन उचललेलं असतं, ते काम उजव्या कोपराचं आणि मांडीचं आहे, किंवा साधा पट्टा लावला तरी सुटतं.

सांगितलेलं कुणाला आवडलंच नाही तर?

आधी विचारायचं राहिलं असेल. "एक सांगू का?" एवढे तीन शब्द. काही दिवस माणसाला नुसतं वाजवायचं असतं, ऑफिसात डोकं उठलेलं असतं, रंकाळ्याच्या कठड्यावर बसून दोन कॉर्ड वाजवून घरी जायचं असतं. तो "आज नको" म्हणाला तर ठीक आहे म्हणा आणि त्याच्याबरोबर तेच दोन कॉर्ड वाजवा. आमच्यातले रिटायर काका पहिले दोन महिने कुणाचं काही ऐकून घेत नव्हते, आम्ही पण सांगणं सोडून दिलं, नुसते शेजारी बसून वाजवत राहिलो. एका रविवारी त्यांनीच युकुलेले मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "अरे, तुझा तो एफ एवढा स्वच्छ कसा येतो, बोट दाखव की जरा."